अकराव्या मिनिटाचा विणकर

मायाने रिमोट दाबून फिल्म पुन्हा अकराव्या मिनिटावर आणली.

"आई, आजही तेच लावलं?" चिन्मयीने वहीतून मान वर केली. "पाहून पाहून रडूनच राहिली तू."

"रडत नाही. पाहून राहिली मी," असं म्हणत मायाने डोळे पुसले.

खाप्याच्या संपत चाललेल्या हातमागांवरची ती डॉक्युमेंटरी कॉलेजच्या कुणा मुलांनी केली होती. चिन्मयीने ती प्रोजेक्टसाठी लावली, तेव्हा माया मेथी निवडत होती. माहेरचं गाव दिसलं म्हणून तिने वर पाहिलं आणि त्या दिवशीची मेथी तशीच राहिली.

अकराव्या मिनिटाला एक म्हातारा विणकर येतो. चेहरा दाखवू नका म्हणाला असावा, कारण कॅमेरा त्याच्या पाठीमागेच थांबतो. तो हातातला धोटा कपाळाला लावतो आणि मग ताण्याच्या उभ्या धाग्यांतून सोडतो.

"एक पोरगी होती मले," तो घोगऱ्या आवाजात सांगतो. "मनानं लग्न केलं तिनं. मीच म्हटलं, या घरात पाय ठेवू नको. आता कोणत्या तोंडानं बोलावू? आली तं पाट मांडून जेवू घालीन."

एकोणीस वर्षांपूर्वी रविंद्रशी लग्न केलं, तेव्हा बाबांनी मायाला हेच ऐकवलं होतं. लहानपणी ती मागाजवळ खेळायची, तेव्हा बाबाही असाच धोटा कपाळाला लावायचे. आवाज मात्र ओळखू येत नव्हता. पण एवढ्या वर्षांत माणसाचा आवाज बसायचाच.

बाप हट्टी आणि लेक त्याहून हट्टी. मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये तिला काही कमी नव्हतं. तरी दिवाळीत शेजारणी माहेरी निघाल्या, की ती उगाच कपाटं आवरायला काढायची. तिला बाबा हवे होते. रागावलेले असले तरी चालले असते.

"जाऊन ये ना मग," शेवटी रविंद्रच म्हणाला. "टीव्हीतले बाबा काही जेवू घालणार नाहीत तुले."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाप्याच्या बसमध्ये बसली. विणकरांच्या आळीच्या तोंडाशी किराणा दुकानातल्या बाईने विचारलं, "कोणाकडे जाऊन राहिल्या?"

"बाबांकडे. फिल्ममध्ये पाहिलं त्यांना. मग राहवलंच नाही," माया बोलून गेली. अनोळखी बाईला हे सांगायचं काही कारण नव्हतं, पण मन भरून आलं होतं. बाई तिच्याकडे बघतच राहिली. मग दुकान तसंच टाकून लगबगीने बोळात शिरली.

बाबा ओट्यावर बसून लसूण सोलत होते. माया दिसताच त्यांनी लसूण बाजूला सारला.

"एवढे दिवस काहून लावले वं?" ते म्हणाले.

भिंतीला धरून ते आत गेले आणि पाट मांडला. आईवेगळ्या पोरीला ज्या हातांनी भरवलं होतं, त्याच हातांनी वरणभात वाढला. आळीच्या दुसऱ्या टोकाकडून मागाचा खटखट आवाज येत होता. मायाने पहिला घास घेतला. इतकं सोपं होतं हे, आणि आपण एकोणीस वर्षं घालवली, याचा तिला स्वतःचाच राग आला.

"फिल्ममध्ये बोलले ते आधीच माझ्यापाशी बोलायचं होतं ना, बाबा."

"कोणती फिल्म?"

"मागाची. तुम्ही धोटा कपाळाला लावता, मग माझ्याबद्दल सांगता…"

"धोटा तं या आळीत समदेच लावतात." बाबांनी तिच्या पानात आणखी भात वाढला. "अन् माझा माग इकून सहा वर्षं झाली. गुडघे गेले माझे."

तिकडचा माग थांबला होता. माया काही विचारणार, तोच एक म्हातारा अनवाणी धावत येऊन दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. त्याला धाप लागली होती. त्याने मायाकडे पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं, मग सगळ्या खोलीभर पाहिलं.

"काय झालं गा, लहानू?" बाबांनी विचारलं.

"किराणावाली म्हणते, फिल्म पाहून माझी पोरगी आली," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "कुठी आहे कामिनी?"