लाल शाईतली पोच
"पत्रात पूल सगळ्यात वर घ्या," साहेब म्हणाले. "वाचनालय खाली. पुलावरून मतं येतात, वाचनालयातून नुसत्या तक्रारी."

आमदारसाहेब स्वतःच्याच विनोदावर हसले आणि बैठकीला निघून गेले.

वर्षअखेरच्या सुट्टीआधी मतदारांच्या घरोघरी जाणारं पत्र सात वर्षं त्यांच्या कचेरीत काम करणारी तीच लिहीत आली होती. वर्षभरात काय केलं, पुढं काय करायचं, शेवटी शुभेच्छा. सही साहेबांची. छापून आलं की साहेब ते कौतुकानं वाचत आणि आपण काय छान लिहितो म्हणून खूश होत.

तिनं पूल वर घेतला. दवाखान्यापर्यंत वाढवलेली बस, शाळेपुढचे दिवे, जुन्या वस्तीतली पाण्याची नवी लाइन, सगळं नीट मांडलं. वाचनालय हळूच दुसऱ्या क्रमांकावर सरकवलं. मग तिसऱ्या परिच्छेदात एक स्वल्पविराम मुद्दाम चुकीच्या जागी टाकला.

तो बाबांसाठी होता.

बाबांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्त झाले तरी हातातलं लाल पेन सुटलं नाही. कचेरीत टपाल सांभाळणारे काका रोज सकाळी सगळी पाकिटं फोडत, आतल्या कागदावर शिक्का मारत आणि ज्याचा कागद त्याच्या टेबलावर नेऊन ठेवत. पहिल्याच वर्षी तिच्या टेबलावर तिचंच छापील पत्र परत आलं, लाल खुणांनी भरलेलं. मागच्या कोऱ्या बाजूला ताठ, ओळखीच्या अक्षरात सुरुवात होती, ‘माननीय आमदार’. एकाच शहरात राहून बाबांचं अक्षर तिला पाच वर्षांनी दिसत होतं.

तिनं आपल्या मर्जीनं लग्न केलं त्या दिवशी बाबांनी तिचं नाव टाकलं. तिनं दोन पत्रं पाठवली, दोन्ही न फोडता परत आली. फोन केला की भाऊ उचलायचा आणि हळू आवाजात सांगायचा, इथं तुझा विषय काढायची सोय नाही, ताई.

आणि तेच बाबा एका परक्या माणसाला न चुकता चार ओळी लिहीत होते. ‘पत्र पोचले. दुरुस्त्या केल्या आहेत. थंडी वाढली आहे, कान झाकून बाहेर पडत जावे.’ एकदा तर ‘कामाच्या नादात जेवण टाळू नये.’ साहेबांनी जेवण टाळल्याचं कचेरीत कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता साहेबांचा हेवा वाटला. सात वर्षं तिला त्या माणसाचा हेवा वाटत होता.

ती साहेबांच्या सहीनं उत्तर द्यायची. दुरुस्त्या मान्य, आपली प्रकृती कशी आहे? पुढच्या पत्रात बाबा कळवायचे की गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. वर्षातून एकदा, दुसऱ्याच्या तोंडून का होईना, ती बापाशी बोलून घ्यायची. लिहिणारी कोण हे बाबांना कळलं तर तेही संपेल, या भीतीनं तिनं कधी ब्र काढला नाही.

या वर्षीचा कागद सुट्टीनंतर तिसऱ्या दिवशी आला. तिनं आधी तिसरा परिच्छेद पाहिला. स्वल्पविराम तसाच होता. त्याच्याभोवती लाल शाईचा ठिपकासुद्धा नव्हता. मागच्या बाजूची ओळ उतरत उतरत कागदाच्या कडेला गेली होती.

‘वाचनालय वर घेतलेत, बरे केलेत. आता डोळे साथ देत नाहीत. पुढच्या वर्षी लिहिणे जमेल असे वाटत नाही. सांभाळून असावे.’

तिनं तो कागद टेबलावर समोर ठेवला. मग साहेबांच्या नावाचा कागद बाजूला सारून तिनं साधा, कोरा कागद घेतला. ‘बाबा, ही पत्रं मीच लिहीत होते. तुम्हाला फसवलं, रागवा. पण मला तुम्हाला भेटायचंय. मला तुमची फार आठवण येते.’ खाली तिनं स्वतःचं नाव लिहिलं. कागद घेऊन ती टपालाच्या टेबलापाशी गेली.

काकांनी वाचलं नाही, पण सवयीनं खालची सही पाहिली. "साहेबांची सही नको का?"

"नको," ती म्हणाली. "हे माझं आहे. लाल पेनवाल्या आजोबांना. त्यांना ठाऊक नाही इथं पत्रं कोण लिहितं ते."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"ठाऊक नाही कसं?" ते म्हणाले. "म्हणून तर त्यांचा कागद मी तुमच्या टेबलावर ठेवतो. पाकिटावर साहेबांचं नाव आजवर एकदाही नव्हतं. पहिल्या वर्षापासून ‘चि.’ लिहून पुढं तुमचंच नाव असतं."