बाहेरची हाडं

शिंप्याने तोंडातली शेवटची टाचणी लेकीच्या नव्या शर्टाला पाठीमागे खोचली आणि दोन पावलं मागे सरून डोळे बारीक केले. काखेपासून कमरेपर्यंतचा तो कडक प्लास्टिकचा पट्टा आता कुठूनही दिसत नव्हता. तिच्या पाठीचा कणा वाकत चालला होता; वाढ थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून शिंपी लेकीचे सगळे कपडे स्वतःच शिवत होता. ढगळ, मागे चुण्या घालून. एकीच्या जागी दोघी मावतील, असं बायको म्हणायची. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. पोरीला कुणी हसू नये, एवढंच त्याला हवं होतं.

उद्या ती पट्टा लागल्यापासून पहिल्यांदाच शाळेत सगळ्यांसमोर बोलणार होती. विषय तिनेच निवडला होता, खेकडा. शर्टाचं माप देता देता ती भाषण घोकत होती. खेकड्याला आत हाडं नसतात. बाहेरचं कवच हाच त्याचा सांगाडा. स्नायू आतून त्यालाच चिकटलेले, त्याच्याच जोरावर नांगी उचलायची. शिवाय शत्रूचा चावाही तेच सोसतं. पण कवच काही वाढत नाही. अंग वाढलं की ते टाकून खेकडा बाहेर येतो आणि नवं कवच टणक होईपर्यंत बिचारा दगडाखाली दडून बसतो.

“त्याच्या शिंप्याने माया ठेवलेली दिसत नाही,” शिंपी म्हणाला. वाढत्या अंगासाठी शिवणीत जादा कापड सोडावं, हे त्याच्या हाताला सवयीचं होतं.

ती हसली. मग आरशासमोर बराच वेळ उभी राहिली, आतल्या खोलीत गेली आणि परत आली ती पट्टा शर्टावरून चढवून. पट्ट्याखालून चुण्या भसाभस बाहेर आल्या होत्या.

“बाबा, हा शर्ट चार बोटं आत घ्या. पट्ट्याखाली रुततोय.”

शिंप्याचा आवाज खाली आला. “अगं, सगळे बघतील.”

“बघू देत. मी कशाच्या जोरावर उभी राहते, ते कळू दे त्यांना.”

ती हटणार नाही, हे त्याने ओळखलं. तिने बदलून दिलेला शर्ट त्याने मांडीवर घेतला, शिवण उसवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला.

“मग इतके दिवस हे ढगळ कपडे कशाला घातलेस?”

“तुम्हाला बरं वाटायचं ना, म्हणून.”