कोलमावरची मुंगी

विलायतेत मी मुंग्यांच्या शृंगिकांचा, म्हणजे डोक्यावरच्या त्या दोन मिशांचा, अभ्यास केला आणि कुंभकोणमला परतलो तो थेट घराबाहेरच्या ओट्यावर. समुद्र ओलांडलेला पुतण्या काकांना उंबऱ्याच्या आत नको होता. प्रायश्चित्त झालं, कावेरीत बुड्या झाल्या, काका ढिम्म. मला जो शिवेल त्यानं डोक्यावरून आंघोळ करायची, असा त्यांचा हुकूम. आई उंचावरून माझ्या पानात भात टाकायची आणि मान वळवायची. रोज पहाटे ती दारात तांदळाच्या पिठाचा कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढायची आणि उंबऱ्याखालच्या बिळातल्या मुंग्या तो खायला यायच्या. त्यांतल्या एकीला रंगाचा ठिपका लावून मी बाटलीत वेगळी ठेवली होती. कित्येक आठवड्यांनी आज तिला कोलमावर सोडली. दोघी-तिघींनी तिला वेढलं, मिशांनी तिचं डोकं चाचपलं, पाठ चाचपली. परकी असती तर तिथंच फाडली असती. आई अर्धा कोलम टाकून वाकून बघत होती. तिनं विचारलं, “घेतलं का रे तिला तिच्या माणसांनी?” “घेतलं. बघ, चालली घरात.” ठिपका उंबऱ्याखाली दिसेनासा झाला. आई बराच वेळ तिथंच बघत राहिली. मग उठून तिनं पीठ लागलेली बोटं माझ्या कपाळावरून, गालावरून, हनुवटीवरून हळूहळू फिरवली. आणि ती आत गेली. जरा वेळानं मागच्या विहिरीवर रहाट करकरला. आई डोक्यावरून पाणी घेत होती.