मेंदूवर व्याख्यान, सपत्नीक

"मेंदूतल्या दोन पेशी रोज एकमेकींशी बोलत राहिल्या, की..." मेंदूचे नामवंत डॉक्टर व्यासपीठावर अडले. पहिल्या रांगेतून बायकोने हळूच पुरवलं, "त्यांची जोडणी घट्ट होते." चाळीस वर्षं तेच व्याख्यान ऐकून तिला तोंडपाठ झालं होतं. टाळ्या अर्थात डॉक्टरांना.

मग अध्यक्षांना तिचाही सत्कार करायची हुक्की आली. नारळ हातात घेऊन ते म्हणाले, "वहिनींचं नाव डॉक्टरांनीच सांगावं."

डॉक्टरांनी आ वासला. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव त्यांनीच तर लिहिलं होतं. पण पुढे जन्मभर 'अगं, ऐकलंस का'वरच भागलं होतं.

त्यांनी सवयीने तिच्याकडे पाहिलं. तिनेही सवयीने व्याख्यानातलं पुढचं वाक्य पुरवलं, फक्त या वेळी खणखणीत आवाजात:

"आणि न वापरलेली जोडणी गळून पडते."