मातीत मिसळणारी पिशवी

मक्यापासून केलेलं कुंदनचं प्लॅस्टिक पापडासारखं तडकायचं. मग त्यानं त्यात झाडपाल्यापासूनच बनलेलं दुसरं, लवचिक प्लॅस्टिक मिसळलं. प्रमाण बदलता बदलता डोक्यावरचे निम्मे केस गेले, पण शेवटी अशी पिशवी जमली की तिला लोंबकळून झोका घ्यावा.

पिंपळगाव बसवंतचे, द्राक्षं भरून बाजारात धाडणारे पॅकहाउसवाले भास्करशेठ मात्र पक्के. "मजबूत आहे हो, पण मातीत मिसळते का ते दाखवा, मग ऑर्डर." कुंदननं त्यांच्यासमोरच पिशवी घरामागच्या शेणखताच्या खड्ड्यात पुरली.

द्राक्षांच्या पुढच्या हंगामात शेठ हजर. कुंदनचा जीव टांगणीला. फावड्यानं उकरलं, हातानं चाळलं, शेठनी स्वतः काठीनं ढवळून पाहिलं. पिशवीचा तुकडासुद्धा नाही!

"गेली की हो पार!" शेठ ओरडले आणि ऑर्डर पक्की करून मोकळे झाले. कुंदननं शेणाच्या हातांनीच त्यांना मिठी मारली आणि दोघंही खड्ड्याभोवती वरातीत नाचावं तसे नाचले.

आरडाओरडा ऐकून कुंदनची आई, नवसाबाई, बाहेर आली. ऑर्डरचं कळताच लगबगीनं आत गेली, दाराआडच्या पिशव्यांच्या पिशवीतून एक पिशवी काढली आणि द्राक्षांनी गच्च भरून शेठच्या हातात दिली.



"पिशवी तेवढी परत धाडा बरं का शेठ, लय चिवट हाय. कोण्या येड्यानं आमच्या खड्ड्यात पुरली होती, मी काढून धुऊन ठेवली."