गाडीचं औषध

"एक थेंब जरी बाहेर सांडला, तरी किल्ली तुझी," बाप म्हणाला आणि शर्टाच्या बाह्या दुमडायला लागला. उजवी बाही पटकन दुमडली गेली. डावीला वेळ लागला, कारण ती उजव्या हाताने दुमडायची होती आणि उजवा हात थरथरत होता.

लेक मदतीला पुढे झाली नाही. झाली असती तर तिथेच महाभारत झालं असतं.

गाडी दारात उभी होती. वयाने जुनी, पण नुकताच रंग दिल्यामुळे नव्या नवरीचा तोरा मिरवणारी. चालताना आचके देते म्हणून मेकॅनिकने एक बाटली दिली होती. हे औषध टाकीत घाला, मग वरून पेट्रोल भरा, पण रंगावर सांडू देऊ नका, पडलेला डाग जायचा नाही, असं त्याने बजावलं होतं. आता टाकीचं तोंड अरुंद, आत स्प्रिंगची झडप, आणि घरातलं नरसाळं इतकं आखूड की झडपेपर्यंत पोचतच नव्हतं. झडप बंद असताना ओतलं की सगळं उलटून बाहेर येणार.

पण औषध म्हटल्यावर बापाला कोण अडवणार? दवाखान्यात कंपाउंडर म्हणून त्याचा जन्म गेला होता.

खरा प्रश्न किल्लीचा होता. ज्याचा चहा कपापेक्षा बशीतच जास्त असतो, त्याच्या हाती स्टिअरिंग बघून लेक सीटची कड घट्ट धरून बसायची. पण हे त्याला सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला घरातलं कोणीच तयार नव्हतं. शेवटी आज सकाळी तीच बोलली, "बाबा, आता गाडी मी चालवत जाईन." बापाने वर्तमानपत्राची घडी घातली, बाटली उचलली आणि ही पैज लावली.

आई चिंधी घेऊन दारात उभी होती. "मी कोणाच्याच बाजूची नाही," तिने आधीच जाहीर करून टाकलं.

"ठके, लांब स्क्रू ड्रायव्हर आण. स्वच्छ पुसून आण," बापाने लेकीला फर्मावलं.

"तो कशाला? झाकण तर हातानेच उघडतं."

"कंपाउंडर कोण, तू का मी?"

तिने आणून दिला. बापाने डाव्या हाताने तो टाकीच्या तोंडातून तिरका आत घातला आणि झडप दाबून धरली. मग उजव्या हातात बाटली घेतली. बाटलीचं तोंड स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीवर टकटक आपटायला लागलं.

सांडू दे, लेकीच्या मनात आलं. एकच थेंब सांडू दे, म्हणजे कोणाला वाईटपणा घ्यायला नको. पण हा विचार मनात आल्या आल्या तिला स्वतःचीच लाज वाटली.

"हात थरथरतोय, बाबा."

"थरथरू दे की. बाटली एकीकडे आणि दांडी दुसरीकडे हलली, तर सांडतं. दोघी मिळून हलल्या की काही होत नाही."

त्याने बाटलीचं तोंड दांडीला घट्ट टेकवलं, मनगट गाडीवर ठेवलं आणि बाटली हळूच कलती केली. पातळसं औषध दांडीला धरून खाली उतरायला लागलं. दवाखान्यात मोठ्या बरणीतून छोट्या बाटलीत तो काचेच्या कांडीवरून असंच औषध सोडायचा. हात थरथरत होता, त्याच्याबरोबर बाटली थरथरत होती, दांडी थरथरत होती. धारसुद्धा थरथरत होती, पण दांडी सोडत नव्हती.

लेक ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती. सांडू नको, सांडू नको, असं आपण म्हणतोय, हे तिच्या जरा उशिरानेच लक्षात आलं.

बाटली रिकामी झाली. काठावर एक थेंब लोंबत राहिला, तो बापाने मनगटाला हलकी गिरकी देऊन दांडीवर पुसून घेतला. मग स्क्रू ड्रायव्हर आतल्या कडेला निथळवून सावकाश बाहेर काढला. आईने लगबगीने चिंधी पुढे केली.

"ती कोरडीच ने घरात," बाप म्हणाला.

लेकीने वाकून टाकीच्या तोंडाखाली पत्र्यावरून हात फिरवला. हात कोरडा. नाकाजवळ नेऊन पाहिला, वासही नाही. सगळ्या गल्लीला हाक मारून बोलवावं आणि सांगावं, बघा, हा माझा बाप आहे, असं तिला वाटलं. किल्लीचं काय व्हायचं ते होवो.

"मानलं बाबा तुम्हाला," ती म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द. किल्ली तुमचीच. मी पुन्हा मागणार नाही."

बापाने टाकीचं झाकण कट्ट आवाज येईपर्यंत फिरवलं. दुमडलेल्या बाह्या खाली केल्या, त्याही सावकाश. मग खिशातून किल्ली काढून लेकीपुढे धरली. त्याच्या बोटांत ती खुळखुळत होती.

लेकीने किल्ली घेतली नाही. "बाबा, पण तुम्ही जिंकलात ना?"

"जिंकलो म्हणून तर देतोय," बाप म्हणाला. "हरलो असतो तर शब्द फिरवला असता."