छातीचं माप

जुन्या कपड्यांवरून नवं डिझाइन कसं सुचतं, हे शिकवायला मॅडमनी वर्गात शंभर वर्षांपूर्वीचं रेशमी जाकीट आणलं आणि टेबलावरच्या लाकडी पुतळ्यावर चढवलं.

"आधी मापं घ्या. शिवणाऱ्याचा हात समजला, की पुढचं आपोआप सुचेल."

पहिल्या मुलीने छातीचं माप घेतलं. दुसरीचं माप अर्ध्या इंचाने जास्त आलं, तिसरीचं पुन्हा कमी.

"लक्ष कुठेय गं तुमचं?" मॅडम हसल्या. "टेप सैल धरली असणार. द्या इकडे."

त्यांनी जाकिटाभोवती टेप गुंडाळली आणि टोकं चिमटीत धरली. टेप हळूहळू ताणली गेली. मग सैल पडली. पुन्हा ताणली गेली.

आपलाच हात हलत असेल, म्हणून त्यांनी कोपरं टेबलावर टेकवली आणि श्वास रोखला. टेप तरीही ताणली जात होती, सैलावत होती, गाढ झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी.

मुली टक लावून बघत होत्या.

"जरा बाहेर बसा गं," मॅडम शक्य तितक्या सहजपणे म्हणाल्या.

त्यांचा आवाज ऐकून कुणीतरी दचकून जागं व्हावं, तशी चिमटीतली टेप एकदम ताणली गेली, आणि ताणलेलीच राहिली.